लालबागचं ऊन

लतिकाने यंत्राची काचेची घुमटी फडक्याने पुसली आणि काटा पाहिला. ऊन कालच्यापेक्षाही चांगलं होतं.

ऊन मोजायचं हे यंत्र विद्यापीठाने तिच्याच चाळीच्या गच्चीवर बसवलं होतं. शहराच्या छपरांवर किती ऊन पडतं, त्यावर किती घरांचं पाणी तापेल, भात शिजेल, हा तिच्या संशोधनाचा विषय. गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबागच्या गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या थंडावल्या. आता संपाला तिसरं वर्ष लागलं होतं. आकाश धुऊन ठेवल्यासारखं दिसायचं. दुपारी ती पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. डोळे जड व्हायचे, आणि अर्धवट झोपेत तिला गिरणगावातल्या सगळ्या गच्च्या दिसायच्या. प्रत्येकीवर एक काचेची पेटी, पेटीत आपसूक शिजणारा भात, आणि कुठेच धूर नाही.

जाग आली की तिला लाज वाटायची. खाली खोलीत तिचे बाबा, जयवंत, भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. गिरणीच्या साळखात्यात, मागांच्या खडखडाटात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिचं हे ऊन त्यांच्या बेकारीतून आलं होतं.

मग एकदा जयवंतांना गिरणीतून बोलावणं आलं. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघून गेले.

दुपारी गच्चीवरचा काटा खाली आला. लतिकाने मान वर केली. गिरणीच्या चिमणीपाशी धूर चढत होता.

"पेटली रे पेटली!" शेजारचा गणपत जिन्यातून ओरडत वर आला. तोही त्याच गिरणीतला. त्याच्यामागे अर्धी चाळ गच्चीवर लोटली.

"पण भोंगा कुठे वाजला?" कुणीतरी विचारलं.

"अरे, दमादमाने चालू करतात. आधी बॉयलर, मग भोंगा." गणपतचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी जयवंत परतले ते काजळी माखूनच. आई, जाईबाई, दारातच उभी होती.

"आत घेतलं?"

"घेतलं."

"साळखात्यातच?"

"होय गो. साळखात्यातच."

गणपत पुढे सरकला. "जयवंता, आमचा नंबर कधी?"

"मला काय ठाऊक? मला बोलावलं, मी गेलो." जयवंत मोरीत शिरले आणि कितीतरी वेळ पाणी ओतत राहिले.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. यंत्राच्या काचेवर रोज राख पडायची. एकदा जाईबाई वर आली. तिने बोटाने ती राख टिपली आणि अंगाऱ्यासारखी कपाळाला लावली. "आई, हे काय?" लतिका हसली. "असू दे गो," जाईबाई म्हणाली, "आपल्या घरची चूल त्याच्यावर आहे." मग तिने लतिकाच्याही कपाळाला बोट टेकवलं.

रघुवीर सर, तिचे मार्गदर्शक, यंत्र पाहायला आले तेव्हा वैतागले. "तुझी सगळी मापं बिघडतायत. हे यंत्र आपण अँटॉप हिलला हलवू. तिथे ऊन स्वच्छ आहे."

"नको सर."

"अगं, तुझी एवढी मेहनत आहे."

"धूर असू दे सर. माणसं कामाला लागल्यावर किती ऊन उरतं, तेही मोजायला हवं ना? तेवढ्यातच काय ते तापवायचं."

सरांनी काचेवरची राख चिमटीत चोळली. "कोळशाची काजळी काळी असते, हाताला चिकटते. ही हलकी आहे, करडी. बॉयलरमध्ये दुसरंच काही जाळतायत. काय ते विचारून ये. धूर मोजायचा, तर तो कशाचा हे कळायला हवं."

रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, बॉयलरमध्ये काय घालतात?"

जयवंतांचा घास हातातच राहिला. "तुला कशाला?"

"संशोधनासाठी हवंय."

"लाकूड असेल." ते हात धुवायला उठले. ताटात भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच गिरणीवर गेली. किती वर्षांनी तो दिंडीदरवाजा उघडा दिसत होता. लहानपणी बाबा सांगायचे, माग चालू असले की फाटकापासून जमीन पायाखाली थरथरते. ती थरथर कळावी म्हणून चपला काढाव्यात, असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

वॉचमन बाबुरावांनी तिला ओळखलं. "जयवंतची पोर ना तू? जा, मागच्या अंगाला आहेत. तोंडावर पदर घे, धूर फार आहे."

साळखात्याच्या लांब भिंतीला वळसा घालून ती मागे गेली. दार सताड उघडं होतं. छपराचे पत्रे उतरवलेले होते, आणि आत इतका लख्ख उजेड होता की तिचे डोळे दिपले. मग हळूहळू दिसू लागलं. लांबच लांब फरशी, आणि तिच्यात मागांचे पाय उपटल्याचे खड्डे. माग एकही नव्हता. बाहेर, थंड चिमणीच्या पायथ्याशी, मागांवर इकडून तिकडे सूत नेणाऱ्या लाकडी धोट्यांचा आणि सुताच्या बॉबिनींचा ढीग जळत होता, आणि बाबा फावड्याने उरलेले धोटे त्यात लोटत होते.