उजवा खांदा

"नीट उभा राहा. चादर आहे ती, झेंडा नव्हे," श्यामला म्हणाली.

चिराग आरशासमोर हात पसरून उभा होता. दुपारी शाळेत नाटक होतं आणि त्यात तो ग्रीक राजपुत्र होता. वर्गशिक्षिका मिसेस हेनारेंनी एका पुतळ्याचं चित्र दिलं होतं. अंगाभोवती एकच लांबरुंद वस्त्र, त्याचं नाव हिमॅटिअन. शिवण नाही, बटण नाही. त्यासाठी श्यामलाने डबल बेडची पांढरी चादर कपाटातून काढली होती. ती वर्षभर वापरलीच नव्हती.

तिने सवयीने निऱ्या घालायला घेतल्या.

"मम, इट्स नॉट अ सारी."

"मग पिन लावू का एक? अर्ध्या नाटकात सुटलं तर शोभा होईल."

"नो पिन्स. मिसेस हेनारे चेक करेल."

पिन नाही म्हणजे सगळी भिस्त डाव्या हातावर. वस्त्र डाव्या खांद्यावरून पाठीमागे, मग उजव्या काखेखालून पुढे, आणि शेवट पुन्हा डाव्या हातावर. उजवा हात मोकळा. याउलट पांघरणारा तो रानटी, असं बाईंनी वर्गात बजावलं होतं. पुतळ्याकडे बघताना श्यामलाला उपरणं घेतलेले आपल्याकडचे भटजी आठवले आणि हसू आलं.

"लेट मी ट्राय," म्हणत चिरागने चादर ओढली आणि धांदलीत उजव्या खांद्यावर टाकली.

श्यामला हॉस्पिटलात नर्स होती, रक्त बघून तिचा हात कधी हलला नव्हता. पण आता तिने झटकन चादर खाली खेचली.

"त्या खांद्यावर नको."

"व्हाय?"

"अपसव्य म्हणतात त्याला. गेलेल्या माणसाला पाणी देतानाच तसं घेतात."

चिराग म्हणाला, "लाइक डॅड. बाय द लेमन ट्री."

दर पितृपक्षात सुधाकर मागच्या अंगणात लिंबाच्या झाडापाशी उभा राहायचा. उपरणं नव्हतं म्हणून टॉवेल. तो उजव्या खांद्यावर घ्यायचा आणि ओंजळीतलं पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचा, आपल्या वडिलांसाठी. शेजारच्या म्हातारीला वाटायचं, हा माणूस लिंबाची काय काळजी घेतो.

यंदा सुधाकरलाच पाणी द्यायचं होतं. तिथी नेमकी आजची. श्यामलाने मागच्या आठवड्यात विचारलं, तेव्हा चिराग म्हणाला होता, "आय डोन्ट डू दॅट स्टफ, मम." तिने जबरदस्ती केली नाही. पाणी तिलाही देता आलं असतं, पण मुलाच्या हातून जावं असं तिला फार वाटत होतं. वाईट वाटलं ते तिने मनातच ठेवलं आणि आज खिरीचं पातेलं काढलंच नाही.

तिने चादर पुन्हा डाव्या खांद्यावर बसवली, शेवट त्याच्या हातावर टाकला. "कोपर अंगाशी ठेव. सोडलास की संपलं."

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये ग्रीस अवतरलं. एका सेनापतीच्या चादरीवर फिकट बदकं होती, एका पुरोहिताने जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घातल्या होत्या. दोघांची वस्त्रं सुटली, लोक हसले. चिरागचं हललं नाही.

परदेशातून परतलेला राजपुत्र वडिलांच्या थडग्याकडे येतो, असा प्रसंग होता. थडगं पुठ्ठ्याचं. हातातली सुरई रिकामीच असायची, पाणी ओतल्याचा नुसता आव आणायचा होता.

चिराग थडग्यापाशी थांबला. सुरई खाली ठेवली. मग डाव्या खांद्यावरचं वस्त्र काढलं आणि सावकाश, नीट, उजव्या खांद्यावर घेतलं.

कडेला उभ्या असलेल्या मिसेस हेनारे श्यामलाकडे वाकून कुजबुजल्या, "ओह नो. त्याने उलटं घातलं."

"त्याला माहीत आहे," श्यामला इंग्रजीत म्हणाली.

चिरागने डाव्या हातात सुरई घेऊन उजव्या तळव्यावर कलती केली. खरंच पाणी पडलं. अंगठ्याच्या बाजूने ते खाली गेलं, स्टेजच्या फळ्यांवर त्याचा आवाज झाला.

"फादर," त्याने नाटकातलं वाक्य म्हटलं, "आय ॲम लेट. बट आय केम."

श्यामलाने मांडीवरच्या पर्सवर हात जोडले. कोणी बघतंय का, हे तिने पाहिलं नाही.

नाटक संपल्यावर तो चादरीतच गाडीपाशी आला. बाहेर डोंगरावरून वारा सुटला होता. वस्त्र पुन्हा डाव्या खांद्यावर आलेलं तिने पाहिलं. पाणी देऊन झालं की तसं करायचं असतं, हे तिने सकाळी सांगितलं नव्हतं.

"आय ॲम स्टार्विंग," तो म्हणाला. "इज देअर खीर?"

"नाही केली."

"व्हाय नॉट? इट्स टुडे, राइट?"

श्यामलाने गाडीची किल्ली दोनदा चुकीची लावली. "दूध संपलंय," ती म्हणाली. दूध होतं, पण खिरीपुरतं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे तिथल्या किराणा दुकानापाशी, गाडी थांबली. चिराग चादर सावरत आत गेला आणि लगेच दारातून डोकावला.

"मम, ब्लू टॉप ऑर ट्रिम?"

"निळ्या झाकणाचं, सायीचं. बाबांना पातळ खीर चालायची नाही."

तो बाहेर आला तेव्हा मोकळ्या उजव्या हातात दुधाची मोठी बाटली होती. वारा चादर ओढत होता. डावं कोपर त्याने अंगाशी घट्ट धरलं होतं.