उजवीकडचं दार

“थरथरतंय,” वासुदेव म्हणाला. जर्मनीत हॅनोव्हरबाहेरच्या आउटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, लाल हॅचबॅक ताशी दीडशेनं पळत होती. “स्टिअरिंग थरथरतंय. तुला कळत नाहीये?”

“मला काय कळणार!” शेजारी बसलेल्या ऊर्मिलेनं मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि ती बाहेर बघू लागली. फुटबॉलचा वर्ल्ड कप संपून आठवडा झाला होता, तरी पुढच्या गाडीच्या खिडकीत जर्मनीचा झेंडा फडफडत होता.

गाडीतलं आपल्याला कळत नाही असं काही नाही, हे वासुदेवचं ठाम मत होतं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एका टायर कंपनीत तो टेस्ट ड्रायव्हिंगचा इंजिनिअर होता. नवा टायर लावायचा, गाडी ट्रॅकवर पळवायची आणि स्टिअरिंग हाताला काय सांगतं त्याला मार्क द्यायचे, हे त्याचं काम. मोजायला यंत्रंही होती. पण यंत्राचं आणि वासुदेवच्या हातांचं पटलं नाही, तर तिथले लोक यंत्र तपासायला घेत. या हातांवर घर चाललं होतं, आणि त्याची सगळी ऐटसुद्धा.

आता स्वतःसाठी गाडी घ्यायची होती आणि निवड दोघींवर येऊन थांबली होती. ही हॅचबॅक म्हणजे दोनशे घोड्यांची ताकद, वर पाच माणसं आणि आठवड्याचा बाजार पोटात घेणारी. दुसरी रोडस्टर. दोनच सीट, उघडं छप्पर, वजन जेमतेम हजार किलो. ताकद कमी, पण अंगावर चरबी नाही, त्यामुळे वळणावर ती हॅचबॅकला रडवेल, असं वासुदेवचं म्हणणं. ऊर्मिलेनं शोरूममध्ये एकच प्रश्न विचारला होता, ड्रायव्हरची सीट वर होते का. हॅचबॅकची होत होती.

“तुला काय करायचंय सीटचं?” वासुदेव हसला होता. एकोणपन्नासाव्या वर्षी बाईसाहेबांनी फारशूलेत, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन्स काढलं होतं, तेही एकदा नापास होऊन. त्याला त्याची भारी गंमत वाटायची. मी असताना हिला हे खूळ कशाला, असं तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा. गाड्यांच्या बाबतीत त्याची चेष्टा करायला ऊर्मिलेकडे एकच गोष्ट होती. जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे, पण आल्यावर पहिलं वर्षभर तो भारतातल्या सवयीनं, चालवायला म्हणून, उजव्या दाराशी जाऊन उभा राहायचा. तिथे आधीच बसलेली ऊर्मिला म्हणायची, “अहो, तुमचं दार तिकडे.”

शोरूमच्या ब्रांडेससाहेबांनी तक्रार ऐकून घेतली. चारही चाकं काढून बॅलन्सिंग तपासलं. “आलेस इन ऑर्डनुंग,” ते म्हणाले, सगळं ठीक आहे. वासुदेवनं नुसता हात उडवला. विकणारा दुसरं काय म्हणणार!

मग रोडस्टर काढली. पहिल्या वळणालाच तो खुलला. “बघ, बघ कशी ऐकते! रस्त्यावरचा खडान् खडा हातात येतोय.” ऊर्मिला त्याच्या हातांकडे बघत होती. आउटोबान लागला. सरळ रस्ता आला आणि वासुदेवचं बोलणं थांबलं.

“हीपण,” तो म्हणाला.

“काय?”

“थरथरते. अगदी तशीच.” त्याचा आवाज चढला. “एकीची पुढची चाकं ओढतात, दुसरीची मागची ढकलतात. इंजिन वेगळं, टायर वेगळे, सगळंच वेगळं. दोघींत एकच दोष कसा असेल?”

“अहो, हळू. पुढे ट्रक आहे.”

पहिला पार्किंगचा फाटा दिसताच त्यानं गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. उतरून चारही टायर पाहिले, रिमवरून बोटं फिरवली. काही नव्हतं. तो परत येऊन बसला आणि चालवताना धरतो तसं त्यानं स्टिअरिंग धरलं.

गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. स्टिअरिंग थरथरत होतं.

त्यानं हात काढले. ते थांबलं. पुन्हा ठेवले. सुरू झालं. मग उजवा काढून फक्त डावा ठेवला, मग फक्त उजवा. ट्रॅकवर दोष शोधायची त्याची हीच पद्धत होती, एकेक गोष्ट काढून बघायची. शेवटी त्यानं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. तो घाबरला होता.

मग त्यानं विचारलं, “तुला माहीत होतं?”

“मार्चपासून,” ऊर्मिला म्हणाली. “बाल्कनीत झाडांना पाणी घालत होतात. पाणी कुंडीबाहेर सांडत होतं आणि तुम्ही झारीला नावं ठेवत होतात.”

“बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? तुमच्या हातांना कुणी काही म्हणायचं कसं?” तिचे डोळे भरून आले. “म्हणून फारशूलेत नाव घातलं. त्याच आठवड्यात.”

वासुदेवनं किल्ली काढली. तो उतरला आणि गाडीच्या पुढून वळसा घालून उजव्या दाराशी येऊन उभा राहिला.

ऊर्मिलेच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “अहो, तुमचं दार तिकडे.”

“नाही,” त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली. “आता माझं दार हेच.”