कुठलं ओके?

"फक्त ओके लिहायचं, मावशी. दोन अक्षरं," सुपरवायझर म्हणाला आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

शर्टांच्या कारखान्यात मावशी तपासणीच्या टेबलावर होत्या. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करून बघायचा. धड असला तर कॉलरला ओकेची चिकट चिठ्ठी, खोट असली तर नेमकी तिथे लाल बाणाची. इंग्रजीतली तेवढी दोनच अक्षरं त्यांना येत होती.

दुपारी सरकारी साहेब पाहणीला येणार होते. आग लागली तर बाहेर पडायचा मागचा दरवाजा रोज उघडून पाहिला जातो, असं त्या कागदावर होतं, आणि खाली तपासणाऱ्याचं ओके हवं होतं. माल चोरीला जाऊ नये म्हणून त्या दरवाजाला कुलूप होतं, आणि दोन वर्षांत ते निघालं नव्हतं.

मावशींनी कागद घेतला नाही. "कुठलं ओके लिहू?"

"ओके म्हणजे ओके. त्यात कुठलं काय?"

तसं कसं, मावशी म्हणाल्या. पंखा मागितला तेव्हा तुम्ही ओके ओके म्हणालात, तो पंखा अजून यायचाय. रजा मागितली की ओके म्हणता, म्हणजे डोकं खाऊ नका, निघा. मालकांच्या फोनवरचं तुमचं ओके तर कमरेत वाकूनच बाहेर पडतं. आणि हिच्या बोटात सुई घुसली, तेव्हा 'ओके ना?' विचारलंत, ते परत मशीनवर बस म्हणून.

शेजारची मुलगी बोटाची पट्टी चाचपत फिसकन हसली. एकेक मशीन थांबत गेली.

"माझ्याकडे एकच ओके आहे, साहेब. ते बघितल्याशिवाय लागत नाही. कुलूप काढा."

सुपरवायझरने आवाज खाली आणला. हे टेबल उद्यापासून दुसऱ्या कोणालाही देता येईल, म्हणाला.

"द्या की."

मावशी उठल्या. एक लाल बाण सोडवून घेतला, दरवाजापाशी गेल्या आणि टोक कुलपाकडे करून चिकटवला. मग परत येऊन त्यांनी पुढचा शर्ट ओढला.

सुपरवायझरने बाण नखाने खरवडून काढला. वळला, तर पट्टीवाली मुलगी मागे उभी, बोटाच्या टोकावर लाल बाण. तिच्यामागे काजं करणारी. तिच्यामागे इस्त्रीवाली. रांग पार पुढच्या दारापर्यंत गेली होती.

"ओके, ओके," तो म्हणाला.

टेबलावरून, मान वर न करता, मावशींनी विचारलं, "कुठलं?"