एक बॉल मागे

मी बोलिंगच्या खुणेवर उभा होतो आणि भोंग्यातून माझ्या भावाचा आवाज अजून मागच्याच बॉलवर अडकला होता. "आणि हा चे... चे... चेंडू..." तो चेंडू केव्हाच ओढ्यात जाऊन, शोधून, पुसून माझ्या हातात परत आला होता.

दिगू लहानपणापासून अडखळत बोलतो. पण वेड कसलं, तर कॉमेंट्रीचं. तोंडासमोर कंगवा धरून आईच्या भाकऱ्यांचंसुद्धा समालोचन करायचा. त्यानं डोकं उठवलं म्हणून मीच मंडळाच्या हातापाया पडून त्याला माईक मिळवून दिला. झक मारली. सकाळपासून सगळं गाव हसतंय. आता फायनलची शेवटची ओव्हर, आणि पुन्हा एक बॉल जरी मागे राहिलास तर माईक काढून घेईन, असं अध्यक्षांनी त्याला बजावलेलं.

"टाक की लेका," अंपायर खेकसला. बॅट्समन बॅट आपटत होता.

"ओ... ओढ्या..." भोंगा खरखरला.

जगात एवढे नाद असताना याला हाच कसा लागला, देव जाणे. टाकावा बॉल आणि मोकळं व्हावं, म्हणून मी पळत निघालो. अर्ध्यात थांबलो. खाली बसलो आणि पायाशी खुडबुड करू लागलो.

"आता काय झालं?"

"नाडी सुटली."

अंपायर तणतणत जवळ आला, वाकून बघितलं. "अरे, तुझ्या सँडलला नाडी आहे कुठं?"

"नाही ना," मी वर न बघता म्हणालो, "म्हणून तर वेळ लागतोय."