चाळीस पौंडांचा मुद्देमाल

"हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," सायलस बेझनसन उठून म्हणाला. "तेव्हा जेवण थांबवायची गरज नाही. खात राहा."

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये रविवारचं दुपारचं जेवण चाललं होतं. सरकारी वकील लॉकहार्ट निवृत्त झाले होते आणि उद्या मुलीकडे विनिपेगला कायमचे निघणार होते. आभाराचं भाषण करायला गावात कोणी तयार होईना. एकवीस वर्षांत लॉकहार्टांनी घरटी एकाला तरी कोर्टात उभं केलं होतं. लढाईच्या दिवसांत तर सख्ख्या बहिणीलाही चहाच्या दोन जादा डब्यांपायी दंड करवला होता. शेवटी सायलसने हात वर केला, आणि सगळे मनातल्या मनात हसले. त्याच्याच बायकोवर लॉकहार्टांनी साखरेचा खटला चालवला होता. म्हातारा आज उट्टं काढणार.

सायलसने घसा खाकरला.

"कंट्रोलचे दिवस. माणशी आठवड्याला अर्धा पौंड साखर. पंधरा दिवस पुरेल त्याहून जास्त घरात सापडली की साठेबाजी. माझ्या मधमाश्यांसाठी वेगळी साखर मिळायची, पण त्याचा फॉर्म असे. तो मी भरला आणि..."

"आणि कोटाच्या खिशात विसरलास," त्याची बायको आयडा बटाटे वाढता वाढता म्हणाली.

"आणि विसरलो. त्यात पेट्यांतला मध होता तेवढा फौजेला विकून बसलेलो. दहा पेट्या उपाशी मरणार. मग या बाईने वर्षभर बिनसाखरेचा चहा प्यायला, मला पाजला, बहिणींच्या डब्यांतलं मागून आणलं. चाळीस पौंड जमवले आणि पोत्यात भरून पलंगाखाली ठेवले. अन् हॅलिफॅक्सहून आलेला इन्स्पेक्टर नेमका पलंगाखालीच वाकला. पलंगाची ती बाजू आयडाची, म्हणून आरोपी आयडा. साखर माझी आहे म्हणून मी घसा फोडतोय, पण कोण ऐकतो? गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा, तीन महिने तुरुंग."

इथे कोणी हसलं नाही. आयडाची छाती त्या काळात किती अधू होती ते गावाला माहीत होतं. त्या दगडी कोठडीतून ही परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सायलसला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"साखर कोर्टाच्या मागच्या खोलीत ठेवली," सायलस पुढे म्हणाला. "दाराला कुलूप, किल्ली वकीलसाहेबांच्या घड्याळाच्या साखळीला. खटल्याला बारा दिवस होते. आणि माझ्या माश्यांना ते कळलं."

"काय कळलं?" पोस्टातल्या हल्डाने विचारलं.

"मालकीण गोत्यात आहे ते. निघाल्या की. किल्लीच्या भोकातून एकेक आत शिरायची, एक कण उचलायची, बाहेर. नदीवरून रांग लागलेली. जाणाऱ्या उजवीकडून, येणाऱ्या डावीकडून. धक्काबुक्की नाही."

"सायलस, चर्चमध्ये आहेस," आयडाने दटावलं.

"तळघरात आहे. इथे थोडी सूट असते." त्याने पाण्याचा घोट घेतला. "तर खटल्याचा दिवस. शेगडी धडधडतेय, वकीलसाहेब उभे. आठवतंय ना, साहेब? दाढ दुखत होती तुमची. गाल हा असा सुजलेला, वर मफलर बांधलेला. काय बोलताय ते मॅजिस्ट्रेटलाही कळेना. कॉन्स्टेबलने पोतं आणून ठेवलं, तोंड सोडलं. आत नुसती हवा. पोतं हलकं कसं लागलं नाही तुला, विचारलं, तर म्हणतो, लागलं, पण मला वाटलं माझीच ताकद वाढली."

आता मात्र हॉल हसला. लॉकहार्ट हसले नाहीत. हातरुमालाची घडी घालून ते तिचे कोपरे जुळवत बसले होते. कोर्टातले कागदही ते असेच जुळवत.

"मुद्देमाल नाही, म्हणून गुन्हा नाही. आयडा सुटली. घरी येऊन पेट्यांची झाकणं उचलली, तर प्रत्येक पेटीत वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला. चारही कोपरे एकाला एक जुळवलेले. आणि त्यावर साखर पसरलेली."

"माश्यांनी वर्तमानपत्रही नेलं?" हल्डा म्हणाली.

"घरी बसून वाचायला काहीतरी लागतंच."

हशा ओसरेपर्यंत सायलस थांबला. मग आवाज थोडा उतरला.

"एकही पेटी दगावली नाही. आणि ही आयडा, सोळा वर्षं झाली, अजून माझ्या उखाळ्यापाखाळ्या काढतेय. रोज सकाळी स्वयंपाकघरात तिचा आवाज ऐकला की मी मनात आभार मानतो. सापडल्या असत्या तर त्यांचं होतं नव्हतं ते सगळं गेलं असतं, हे मला कळतं. आज एकदा मोठ्याने मानतो. माझ्या माश्यांचे आभार."

टाळ्या पडल्या. आयडाने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं आणि ॲप्रनला हात पुसत राहिली.

लॉकहार्ट उठले.

"सायलस, तू खोटं बोलतोयस." आवाज थेट कोर्टातला होता. "खटला एकोणीस फेब्रुवारीला होता. नदी गोठलेली होती. फेब्रुवारीत मधमाशी पेटीबाहेर येत नाही. कोणी झाकण उचलून आत हात घातला, तरच उठते."

त्यांनी रुमालाची घडी टेबलावर ठेवली, कडेला समांतर, आणि डाव्या गालावरून एकदा बोट फिरवलं.

"आणि माझी दाढ आजवर कधी दुखलेली नाही."