करगोट्याची किल्ली

गुंजवण्याहून आमची दोन्ही घरं पोरांना खाडीकाठचं कांदळवन दाखवायला कोकणात उतरली. खेकडे बघत पोरं लाकडी पुलावरून पुढं पळाली, बाकीचे त्यांच्यामागं. माझे थोरले दीर फोटो काढायला पुलाखालच्या चिखलात उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. “नूतन, हात दे! भरती आली!” सामाईक विहिरीवरच्या मोटारीची किल्ली कोकणातसुद्धा त्यांच्या करगोट्याला होती. यंदा पाऊस लांबला, माझी भाताची रोपं करपायला लागली, तेव्हा मी तीच मागायला गेले होते. ओसरीवर सुपारी कातरत दीर म्हणाले, “कळ काढ की जरा. येईल पानी.” रोपं जळाली. “आधी किल्ली टाका,” मी आता पुलावरून म्हटलं. त्यांनी करगोटा तोडून किल्ली वर फेकली. मी ती पदराच्या गाठीत बांधली. “आता ओढ गं!” मी तिथंच मांडी घातली. “कळ काढा की जरा, भावजी. येईल पानी.”