चाललेली नोट

नोट हातात आली आणि रामकिसन कंडक्टरचा पंच तसाच हवेत राहिला.

वडीगोद्रीहून जालन्याला नुकतीच निघालेली एसटी गच्च भरली होती. त्र्याण्णव सालचा मे महिना, दुपारची फेरी. सव्वीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडून त्याचे गुडघे गेले होते. तिसऱ्या बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. तिनं दिलेली नोट दहाची होती, पण निजामाच्या काळातली. पुढं मोठी उर्दू अक्षरं, मागं मराठी, तेलगू, कानडीत रक्कम. हाली सिक्का, म्हणजे निजामाचं चलन, बंद होऊन तीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती.

"एक जालना," म्हातारी म्हणाली. नोट दिली तरी तिची बोटं लगेच सुटली नाहीत.

रामकिसनला जुन्या नोटा जमवायचा नाद होता. घरी दोन अल्बम भरले होते. हालीची एकाची नोट त्याच्याकडं होती, पाचाची होती. दहाची नव्हती. तिच्यासाठी सुटीच्या दिवशी तो आष्टीपासून औरंगाबादेपर्यंत हिंडला होता. जुने दुकानदार, भंगारवाले, कोणी म्हातारं माणूस वारल्याचं कळलं की त्याची मुलं. बायको वैतागायची. "न चालणाऱ्या आणता अन् चालणाऱ्या देऊन येता," म्हणायची.

खरं तर सांगायचं एवढंच होतं, की मावशी, ही चालत न्हाई, पण मला विकत द्या. एरवी तो तसंच करायचा. पण मागं वीसेक तिकिटं राहिली होती. जागेवरून दोघं भांडत होते. अंबड यायच्या आत बुकिंग संपवायचं होतं. म्हातारीला सिक्का समजवायचा, नाद समजवायचा, तिला शंका येणार, चार माणसं मधे बोलणार. एवढं बोलायचाच त्याला कंटाळा आला.

त्यानं खिशातली स्वतःची दहाची नोट कातडी बॅगेत टाकली. हालीची नोट अलगद डायरीत ठेवली. नऊ रुपयांचं तिकीट दिलं, वर एक रुपया परत दिला. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

म्हातारी तिकिटाकडं बघतच राहिली. "चालली का रे बाबा?"

"चालली, मावशी," म्हणून तो मागं सरकला.

अंबडच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. अर्धी रिकामी झाली. रामकिसन नोंद करून परत आला तेव्हा म्हातारी खिडकीतून वाकून कोणाशी तरी बोलत होती. तिच्या गावचा तातेराव होता तो, वडीगोद्रीच्या गाडीत चढायच्या बेतात.

"कारभाऱ्याला सांग," ती म्हणत होती. "म्हणाव, चांगुणाबाईनं खोली सोडली. माझं चिरगूटबी ठिवू नको. मी लेकीकडं चालले. माझे पैसे चालतेत म्हणाव."

तातेरावनं मान हलवली. त्याची गाडी निघून गेली.

रामकिसन तिच्या बाकाजवळ आला. "कशाचे पैसे, मावशी?"

तिनं गाठोडं सोडलं. लुगड्याच्या घडीत नोटांचं पुडकं होतं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या. त्याच्यासारख्या नादिष्टानंही त्या घेतल्या नसत्या. धड एकच होती, ती त्याच्या डायरीत.

"मालकानं डब्यात पुरून ठेवल्या होत्या. कारभारी माझा पुतण्या. तो म्हणतो, रद्दी हाय, चुलीत घाल. त्याला माझी खोली पायजे. उठता बसता खाल्लेलं जेवण काढून राह्यला. लेक जालन्याला कारखान्यात बियाणं निवडते, एका खोलीत पाच जणं राहतेत. तिच्या दारात रिकाम्या हातानं कसं जावं? मंग ठरवलं. एसटीवाला सरकारी माणूस, तो फसवायचा न्हाई. त्याला एक देऊन बघायची. घेतली तर लेकीकडं जायचं. न्हाई घेतली तर उतरायचं अन् गुमान घरी जायचं."

गाडी सुटली. रामकिसन तिच्या शेजारी बसला. चालत्या गाडीत प्रवाशाशेजारी तो कधी बसत नसे. सिक्का, तो बंद झाल्याचं साल, घरचे अल्बम, सगळं त्यानं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली.

चांगुणाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पुडक्यावरून हात फिरवला, लुगड्याची घडी परत घातली, गाठोडं बांधलं.

"पुढच्या गाडीनं वापस जा, मावशी. म्हणा, रागात बोलले."

"कारभारी दिवस मावळायच्या आत कुलूप लावंल. चार वर्षं वाट बघून राह्यला तो."

मधे एका थांब्यावर घंटी मारायचं रामकिसनच्या ध्यानात राहिलं नाही, ड्रायव्हरनं हाक मारली तेव्हा तो उठला.

जालन्याला त्यानं त्यांचं गाठोडं खाली घेतलं. डायरीतली नोट काढून पुढं केली, वर खिशातले उरलेले वीस रुपये. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

"मावशी, माझं चुकलं. तिकीट मी माझ्या पैशानं काढलं होतं, तुम्हाला फसवायचं मनात नव्हतं."

"न्हवतं, बाबा," चांगुणाबाई म्हणाल्या. गाठोडं त्यांनी डोक्यावर घेतलं. "पण तवाच न्हाई म्हणला असतास, तर माझं घर पाच मिनटावर होतं."